सेंट जॉन्सला जहाज लागतं तेव्हा: अँटिगात एक दिवस नीट कसा घालवायचा

सेंट जॉन्स ही अँटिगा आणि बार्ब्युडा या कॅरिबियन देशाची राजधानी. वस्ती वीस-बावीस हजारांच्या घरात. क्रूझचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. त्या काळात एखाद्या सकाळी तीन-चार मोठी जहाजं एकदम लागली, तर दहा-बारा हजार पाहुणे चार तासांसाठी या गावात उतरतात. त्यातले बरेच जण धक्क्यावरच्या ड्यूटी-फ्री दुकानांत रमतात, उरलेले टॅक्सीत बसून थेट किनारा गाठतात. गावात चार गल्ल्या आत शिरणारे थोडेच.

पहिल्यांदाच जाणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. गावाबाहेरचं एकच ठिकाण निवडा आणि बाकीचा वेळ पायी गावाला द्या. जहाजावरच्या यादीतली सहा ठिकाणं एका दिवसात उरकायला गेलात, तर दिवस गाडीतच जाईल.

१. घरून निघण्याआधी: कागदपत्रं

मराठी घरांतून कॅरिबियन क्रूझला निघणारे बहुतेक जण मायामी, फोर्ट लॉडरडेल किंवा सान हुआनहून जहाजात चढतात. सान हुआन पोर्तो रिकोत, म्हणजे अमेरिकेच्याच अमलाखाली. त्यामुळे अमेरिकेचा व्हिसा हवाच, आणि तोही मल्टिपल एन्ट्रीचा, कारण क्रूझ संपल्यावर तुम्ही पुन्हा अमेरिकेत शिरणार असता. सकाळी येऊन संध्याकाळी त्याच जहाजाने परत जाणाऱ्यांकडे अँटिगा सहसा वेगळा व्हिसा मागत नाही. पण भारतीय पासपोर्टसाठीचे नियम प्रत्येक बेटावर वेगळे असतात आणि बदलतातही. म्हणून मार्गावरच्या सगळ्या बंदरांची यादी काढून क्रूझ कंपनीकडून ईमेलवर लेखी उत्तर घ्या. फोनवर कोणी ‘हो हो, चालतं’ म्हणालं, तर त्यावर विसंबू नका. क्रूझ अँटिगातच सुरू होणार किंवा संपणार असेल, तर नियम वेगळे लागतात.

दुसरी गोष्ट आपल्याकडचे ट्रॅव्हल एजंट हमखास विसरतात. तुमचं जहाज त्रिनिदाद, कोलंबिया किंवा पनामालाही थांबणार असेल आणि तिथून निघून सहा दिवसांच्या आत तुम्ही भारतात उतरणार असाल, तर विमानतळावर यलो फीव्हरच्या लशीचं प्रमाणपत्र मागतात. ते नसेल तर सक्तीच्या विलगीकरणाची वेळ येऊ शकते. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. मुंबई-पुण्यात अशी केंद्रं आहेत. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं, त्यामुळे हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

बॅग भरताना एक पक्कं लक्षात ठेवा: लष्करी छापाचे कपडे घ्यायचे नाहीत. हिरवट-तपकिरी ठिपक्यांची अर्धी चड्डी, टोपी, पाठीवरची पिशवी, लहान मुलाचा टी-शर्ट, काहीही नको. अँटिगात असे कपडे फक्त सैन्यदलाला चालतात. इतरांनी घालणं बेकायदा आहे. फॅशन म्हणून घेतलेली पँट धक्क्यावर बदलायला लावतील.

२. आदल्या रात्री, जहाजावर

खोलीत दुसऱ्या दिवसाच्या कार्यक्रमाचा कागद येतो किंवा ॲपवर दिसतो. त्यात चार गोष्टी शोधा: जहाज कोणत्या धक्क्याला लागणार, परत चढायची शेवटची वेळ काय, जहाजाचं घड्याळ कोणतं, आणि बंदरातल्या एजंटचा फोन नंबर. त्या पानाचा फोटो काढून ठेवा.

घड्याळावरून फार गोंधळ होतो. अँटिगाची वेळ भारतापेक्षा साडेनऊ तास मागे असते आणि वर्षभर तीच राहते. अमेरिकेतली घड्याळं मात्र वर्षातून दोनदा बदलतात, आणि काही जहाजं सगळ्या प्रवासात सुटण्याच्या बंदराचीच वेळ पाळतात. त्यामुळे गावातलं घड्याळ आणि जहाजावरचं घड्याळ यांत तासाचा फरक पडू शकतो. मोबाइल आपोआप गावाची वेळ दाखवायला लागतो, आणि घोटाळा तिथेच होतो. मनगटावर साधं घड्याळ बांधा आणि ते जहाजाच्या वेळेला लावा.

जहाजात असताना मोबाइल एअरप्लेन मोडवरच ठेवा. नाहीतर तो समुद्रावरचं उपग्रहाचं नेटवर्क पकडतो आणि बिल बघून डोळे पांढरे होतात. नकाशा आधीच डाउनलोड करून घ्या.

आणि जहाजावरच्या कर्मचाऱ्यांशी बोला. या जहाजांवर गोव्याची, मुंबईची, कोकणातली माणसं पुष्कळ भेटतात. गोव्यात तर तारवटींच्या, म्हणजे जहाजांवर नोकरी करणाऱ्यांच्या, पिढ्याच्या पिढ्या समुद्रावर गेल्या आहेत. नावाच्या पट्टीवर ‘इंडिया’ दिसलं की मराठीत किंवा कोंकणीत हाक मारून बघा. फुकट वाय-फाय कुठे मिळतं, स्वस्तात पोटभर कुठे जेवता येतं, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं. फक्त त्यांच्या कामाची वेळ बघून विचारा.

३. उतरताना खिशात काय

जहाजाचं कार्ड, फोटो असलेलं एखादं ओळखपत्र, पासपोर्टची प्रत. बऱ्याच जहाजांवर पासपोर्ट त्यांच्याकडेच जमा असतो, त्याची काळजी करू नका. पाण्याची बाटली भरून घ्या. जहाजावरची फळं आणि सँडविच मात्र खाली न्यायची नाहीत. शेतीवर रोग येऊ नयेत म्हणून ती बंदी आहे.

पैशांचं गणित सोपं आहे. इथलं चलन ईस्टर्न कॅरिबियन डॉलर, बोलीत ‘ईसी’. १९७६ पासून एका अमेरिकन डॉलरला २.७० ईसी हा दर बांधलेला आहे. अमेरिकन डॉलर सगळीकडे चालतात, पण सुटे परत मिळतात ते ईसीमध्ये. म्हणून एक आणि पाचच्या नोटा जास्त ठेवा. किंमत ऐकली की पहिला प्रश्न विचारायचा: ‘यूएस की ईसी?’ हा प्रश्न न विचारता टॅक्सीत बसलात, तर भाडं तुमच्या अंदाजाच्या पावणेतीन पट निघू शकतं. रुपये इथे कोणी बदलून देत नाही.

उन्हाबद्दल दोन शब्द. सेंट जॉन्स साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे आपल्या रत्नागिरीच्याच ओळीत. सूर्य तोच आणि तेवढाच डोक्यावर. पण समुद्रावरून सतत वारा वाहत असल्यामुळे चटका जाणवत नाही आणि संध्याकाळी मान भाजलेली कळते. टोपी घ्याच.

४. धक्क्यावरची पहिली दहा मिनिटं

जहाज ‘हेरिटेज की’ (इंग्रजीत ‘की’ म्हणजे धक्का) किंवा नेव्हिस स्ट्रीटच्या धक्क्याला लागलं, तर तुम्ही उतरता ते थेट गावातच. गर्दीच्या दिवशी एखादं जहाज उत्तरेच्या डीप वॉटर हार्बरला लावतात. तिथून गाव दीड-दोन किलोमीटरवर आहे. रस्ता रुक्ष आहे, तेव्हा टॅक्सी घेतलेली बरी.

हेरिटेज की म्हणजे घड्याळं, दागिने, अत्तरं आणि दारूची दुकानं. प्रत्येक बेटावर हीच दुकानं असतात, त्यामुळे काही चुकेल असं वाटून घेऊ नका. बाहेर टॅक्सीवाले घोळक्याने उभे असतात. नको असेल तर हसून ‘नो, थँक यू, गुड मॉर्निंग’ म्हणा आणि पुढे चला. हे ‘गुड मॉर्निंग’ महत्त्वाचं आहे. दुकानात शिरताना, बसमध्ये चढताना, रस्ता विचारण्याआधी अभिवादन करायची इथली रीत आहे. ते न करता थेट ‘हे केवढ्याला?’ विचारलं, तर समोरचा माणूस गार पडतो. आपल्याला ती सवय नसते, म्हणून मुद्दाम लक्षात ठेवा. फोटो काढायच्या आधीही विचारा. आणि पोहण्याच्या कपड्यांत गावात फिरू नका. इथली माणसं बँकेत जातानाही नीटनेटकी असतात.

५. गावात शिरा

पुढचा फेरा तीन किलोमीटरच्या आतला आहे. रमतगमत गेलं तरी दोन-अडीच तासांत होतो. सकाळी लवकर निघा, कारण परतीची वाट उताराची असली तरी जातानाची चढाची आहे.

धक्क्याकडे पाठ करून हाय स्ट्रीटने वर चालत राहा. रस्ते काटकोनात आखलेले आहेत, त्यामुळे चुकायची भीती नाही. कुठेही भरकटलात तर उतार धरला की समुद्रच येतो. पायांखाली मात्र बघा. रस्त्याकडेची गटारं खोल आणि उघडी आहेत, फुटपाथ मध्येच संपतो. वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात.

मार्केट स्ट्रीट आणि लाँग स्ट्रीटच्या कोपऱ्यावर जुनं कोर्ट आहे, १७५० च्या सुमाराला बांधलेलं. त्यात आता अँटिगा आणि बार्ब्युडाचं संग्रहालय आहे. रविवार सोडून जाल तर उघडं मिळेल. दोनच दालनं, पण गाव कळायला इथूनच सुरुवात करावी. युरोपीय लोक येण्याआधीच्या आदिवासींची मडकी आणि हत्यारं आहेत, साखरेचा काळ आहे, आणि व्हिव्ह रिचर्ड्‌सची बॅटही आहे. साखरेचा काळ म्हणजे गुलामीचा काळ. १७३६ मध्ये प्रिन्स क्लास नावाच्या गुलामाच्या पुढाकाराने मोठ्या उठावाचा बेत शिजला. राजाच्या राज्याभिषेकाच्या वार्षिक दिवशी सगळे मळेवाले नाचाच्या मेजवानीला जमणार होते, तेव्हा ती इमारतच दारूगोळ्याने उडवायची. बेत फुटला आणि ८८ जणांना मृत्युदंड दिला गेला. क्लासला चाकाला बांधून हाडं मोडून मारलं. आज तो इथला राष्ट्रीय वीर आहे. पुढे १ ऑगस्ट १८३४ रोजी गुलामी संपली, तेव्हा शेजारच्या बहुतेक बेटांवर ‘शिकाऊ’ म्हणून आणखी काही वर्षं राबवून घेण्याची पळवाट काढली गेली. अँटिगाने ती न घेता थेट मुक्ती दिली. जुलैअखेर ते ऑगस्टच्या सुरुवातीला भरणारा इथला कार्निव्हल त्या तारखेला धरून असतो. हे माहीत असलं की पुढे दिसणाऱ्या प्रत्येक जुन्या दगडी भिंतीकडे बघताना ती कोणाच्या हातांनी उभी राहिली हा प्रश्न आपोआप पडतो.

संग्रहालयातून लाँग स्ट्रीटने आणखी वर गेलं की सेंट जॉन्स कॅथीड्रलचे दोन मनोरे समोर येतात. जहाजावरून सगळ्यात आधी तेच दिसलेले असतात. या जागेवरचं हे तिसरं चर्च. आधीचं १८४३ च्या भूकंपात पडलं. नवं बांधताना आतून सगळं पाइनच्या लाकडाने मढवलं, म्हणजे दगडी चर्चच्या पोटात दुसरं लाकडी चर्च, पुन्हा हादरा बसला तर आतलं टिकावं म्हणून. डागडुजीचं काम इथे बराच काळ चाललं आहे, तेव्हा आत जायला मिळेलच असं धरून चालू नका. दक्षिणेकडच्या फाटकाच्या खांबांवर दोन्ही संत जॉनचे, म्हणजे बाप्तिस्मा देणाऱ्या जॉनचा आणि येशूच्या शिष्य जॉनचा, पुतळे आहेत. फ्रेंच जहाज पकडलं तेव्हा त्यावरून ते उतरवून घेतले, असं सांगतात. एवढं बाहेरून बघूनही येणं वसूल होतं.

६. क्रिकेटवेड्यांनी आणखी पाच मिनिटं चालावं

कॅथीड्रलच्या मागे थोड्या अंतरावर अँटिगा रिक्रिएशन ग्राउंड आहे. बाहेरून विशेष काही नाही, शेजारी जुना तुरुंग आहे. व्हिव्ह रिचर्ड्‌सचे वडील त्या तुरुंगात नोकरीला होते. आता इथे कसोट्या होत नाहीत, फुटबॉल आणि कार्निव्हल होतो. फाटक उघडं असेल तर आत डोकावायला सहसा कोणी अडवत नाही. तरी विचारून जा.

याच मैदानावर रिचर्ड्‌सने १९८६ मध्ये इंग्लंडविरुद्ध ५६ चेंडूंत शतक ठोकलं. लाराचे १९९४ मधले ३७५ इथलेच आणि २००४ मधले नाबाद ४०० देखील. आपल्या लोकांच्याही आठवणी इथे भरपूर आहेत. १९८३ च्या कसोटीत रवी शास्त्रीचं शतक आणि वेंगसरकरचे ९४. २००२ मध्ये अनिल कुंबळे जबडा मोडलेला असताना चेहऱ्याला पट्टी बांधून गोलंदाजीला आला आणि लाराला पायचीत करून गेला. त्याच कसोटीत यष्टिरक्षकासकट भारताच्या अकराही खेळाडूंनी गोलंदाजी केली. २००६ मध्ये मुंबईच्या वसीम जाफरने २१२ काढले.

नवं सर व्हिव्हियन रिचर्ड्‌स स्टेडियम गावाबाहेर नॉर्थ साउंडला आहे, २००७ च्या विश्वचषकासाठी बांधलेलं. २००९ मध्ये तिथली कसोटी वाळूसारख्या मैदानामुळे दहा चेंडूंत बंद करावी लागली आणि सामना पुन्हा या जुन्या मैदानावर आणला गेला, हे इथले म्हातारे अजून चवीने सांगतात. अजिंक्य रहाणेचं २०१९ चं शतक नव्या स्टेडियममधलं. सामना नसेल तर तिथवर टॅक्सी करण्यात मला काही अर्थ वाटत नाही. जीव आहे तो या जुन्या मैदानात.

७. बाजार आणि पोट

मैदानावरून परत फिरून मार्केट स्ट्रीट गाठा आणि दक्षिण टोकापर्यंत चालत जा. तिथे सार्वजनिक बाजार आहे. शुक्रवार-शनिवारी सकाळी खरी गर्दी. रताळी, सुरण, भेंडी, नारळ, चिंच असं ओळखीचं सामान दिसेल. शोधायचं ते इथलं काळं अननस. आकाराने लहान, साल गडद हिरवी आणि चव फार गोड. विक्रेत्याकडूनच कापून घ्या आणि तिथेच खा, कारण जहाजावर फळ नेऊ देत नाहीत. चिंचेच्या साखर लावलेल्या गोळ्या आणि खोबऱ्याच्या वड्याही मिळतात.

जेवणात फंजी मागा. मक्याचं पीठ आणि भेंडी घोटून केलेला गोळा असतो. सोबतचं पेपरपॉट मात्र मांसाचं. डुकाना म्हणजे रताळं आणि खोबरं किसून, गोड करून, केळीच्या पानात गुंडाळून शिजवलेला पदार्थ. पातोळ्या खाणाऱ्याला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. इथे तो खाऱ्या माशाबरोबर वाढतात. शाकाहारी असाल तर नुसता मागून घ्या.

शाकाहाऱ्यांना खरा आधार रोटीच्या दुकानांचा. त्रिनिदाद आणि गयानात ऊसमळ्यांवर गेलेल्या भारतीय मजुरांनी रोटी तिकडे नेली आणि तिथून ती बेटाबेटांवर पसरली. अँटिगात गयानाहून आलेली माणसं बरीच आहेत. मोठ्या पातळ रोटीत रस्सा गुंडाळून देतात. ‘चना’ आणि ‘पोटॅटो’ एवढं म्हटलं की पुरे. भात-राजमा दिसला तर मात्र विचारा, त्यात कधीकधी मांसाचा तुकडा घालून शिजवलेलं असतं. अंडंसुद्धा न चालणाऱ्यांनी जहाजावरच भरपेट नाश्ता करून उतरावं, हे बरं.

८. गावाबाहेरचं एक ठिकाण

वेळ कमी आणि पाण्यात पाय बुडवायची हौस असेल, तर फोर्ट जेम्स. बंदराच्या तोंडावरचा जुना पडका किल्ला, तोफा अजून समुद्राकडे रोखलेल्या, आणि लगतच किनारा. टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटं. डिकन्सन बे त्याच बाजूला थोडा पुढे आहे. पाणी शांत, मुलांना चांगलं, पण गर्दी आणि खुर्च्या भाड्याने देणाऱ्यांचा ससेमिरा. किनाऱ्यावर मँचिनील नावाचं झाड ओळखून ठेवा. हिरवी, छोट्या सफरचंदासारखी दिसणारी त्याची फळं विषारी आहेत, चीक कातडी जाळतो. पावसात त्याच्या आडोशालाही उभं राहायचं नाही. कित्येकदा खोडावर लाल पट्टा रंगवलेला असतो.

हातात सहा तास असतील, तर बेटाच्या दुसऱ्या टोकाचं नेल्सन्स डॉकयार्ड. युनेस्कोने २०१६ मध्ये त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. चक्रीवादळापासून सुरक्षित असा आत वळलेल्या खाडीचा आडोसा पाहून ब्रिटिशांनी अठराव्या शतकात इथे जहाजदुरुस्तीची गोदी उभारली. राबले ते आफ्रिकी गुलाम. ज्याचं नाव दिलं, तो ब्रिटिश आरमाराचा अधिकारी नेल्सन १७८४ ते १७८७ इथे होता आणि त्याला हा मुक्काम अजिबात आवडला नव्हता. वर शर्ली हाइट्‌सवरून अख्खं बंदर दिसतं. हवा स्वच्छ असेल तर दूरवर माँटसेराटचा ज्वालामुखीही. रविवारी संध्याकाळी तिथे संगीताची मोठी मेजवानी असते, पण ती रंगात येईपर्यंत बहुतेक जहाजं सुटलेली असतात.

जायचं कसं? टॅक्सीला मीटर नसतो, भाडी ठरवून दिलेली असतात. दरफलक बघा. भाडं गाडीमागे की माणशी, जाऊन-येऊन की एकेरी, थांबण्याचे वेगळे का, हे बसण्याआधी बोलून घ्या. स्वस्तात जायचं तर बाजारासमोरच्या वेस्ट बस स्टेशनवरून १७ नंबरची व्हॅन मिळते. ती भरली की सुटते, वेळापत्रक नाही, आणि रविवारी फार कमी. माझ्या मते जाताना बस घ्यावी आणि येताना टॅक्सी. परतीच्या व्हॅनची वाट बघत बसणं जहाजाच्या प्रवाशाला परवडत नाही. जहाजाच्या सहलींना पैसे जास्त पडतात, पण त्यांना उशीर झाला तर जहाज थांबतं. स्वतःहून गेलेल्यांसाठी थांबत नाही. मग पुढचं बंदर स्वखर्चाने गाठावं लागतं.

९. परतताना

शेवटच्या वेळेच्या तासभर आधी गावात या. तो तास रेडक्लिफ कीला द्या. हेरिटेज कीच्या दक्षिणेला जुन्या गोदामांची ही वस्ती आहे. कधीकाळी विक्रीआधी गुलामांना इथे कोंडून ठेवत. आज तिथे लाकडी सज्ज्यांची छोटी दुकानं आणि कॉफीच्या जागा आहेत. सूझीज नावाचा इथला तिखट सॉस आणि इंग्लिश हार्बर रम, या दोन गोष्टी नेण्यासारख्या.

उरलेले ईसी इथेच खर्च करा. पुढचं बंदर सेंट लुसिया, सेंट किट्स, डॉमिनिका किंवा ग्रेनाडा असेल तर ठेवलेत तरी चालतील, तिथेही हेच चलन आहे. रमची बाटली जहाजात चढताना काढून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. पावती जपून ठेवा. विमानात सॉस आणि रम दोन्ही चेक-इनच्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून. भारतात उतरताना माणशी दोन लिटरपर्यंत दारू करमुक्त आहे.